'द रिअल थिंग' : विनोदी नाटकातील प्रेम, प्रतारणा आणि क्षमा

दांपत्यजीवनातील संशय हा विनोदी नाटकाचा जुना आणि हमखास रंगणारा विषय आहे. मराठी प्रेक्षकाला तो गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'संगीत संशयकल्लोळ' (१९१६) या नाटकामुळे चांगला परिचित आहे. एका तसबिरीवरून फाल्गुनराव आणि कृत्तिका एकमेकांवर संशय घेतात, घोटाळा वाढत जातो आणि अखेर सारे संशय निराधार ठरतात. कोणी कोणाची प्रतारणा केलेलीच नसल्यामुळे तेथील क्षमेला काही किंमत मोजावी लागत नाही. संशय खरा ठरला तर विनोदी नाटकाने काय करावे, हा प्रश्न टॉम स्टॉपर्ड (१९३७-२०२५) यांच्या 'द रिअल थिंग' या नाटकाच्या मुळाशी आहे. १९८२ मध्ये लंडनच्या स्ट्रँड थिएटरमध्ये प्रथम सादर झालेले हे नाटक २०२४ मध्ये त्याच शहरातील ओल्ड विक रंगमंदिरात पुन्हा रंगभूमीवर आले. प्रस्तुत लेखात या नाटकातील क्षमेचे स्वरूप तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

पहिल्या प्रवेशात जिनिव्हाहून परतलेल्या पत्नीची पती उलटतपासणी घेतो, कारण तिचा पासपोर्ट त्याला घरातच सापडलेला आहे. त्याची वाक्ये अत्यंत चतुर आहेत. दुसऱ्या प्रवेशात उलगडा होतो की, आपण पाहिला तो हेन्री या नाटककाराने लिहिलेल्या नाटकातील प्रसंग होता. त्यात पत्नीची भूमिका करणारी शार्लट ही हेन्रीची पत्नी आहे, पतीची भूमिका करणारा मॅक्स हा नट आहे आणि मॅक्सची पत्नी अ‍ॅनी हिच्याशी हेन्रीचे गुप्त प्रेमसंबंध आहेत. पुढे मॅक्सला गाडीत हेन्रीचा रक्ताचा डाग पडलेला हातरुमाल सापडतो. (शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'मधील रुमालाची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे, देवलांनी त्याच नाटकाचे 'झुंझारराव' केले होते.) रंगमंचावर वाक्चातुर्याने पत्नीला कोंडीत पकडणारा हा नट प्रत्यक्षात मात्र एकही चतुर वाक्य उच्चारू शकत नाही. तो पत्नीला केवळ घट्ट बिलगतो. एकच घटना दोनदा दाखवून स्टॉपर्ड वेदना आणि वेदनेची शैलीदार मांडणी यांतील अंतर कोणतेही भाष्य न करता स्पष्ट करतात.

दोन वर्षांनंतर हेन्री आणि अ‍ॅनी एकत्र राहत आहेत. हेन्रीचा शब्दांवर गाढ विश्वास आहे. क्रिकेटची बॅट हातात घेऊन तो चांगल्या लेखनाचे मर्म समजावून सांगतो तो प्रसंग सर्वश्रुत आहे: नीट घडवलेली बॅट चेंडूला दूर नेते, ओबडधोबड सोट्याने हातच दुखावतात. परंतु ग्लासगोला प्रयोगासाठी गेलेली अ‍ॅनी बिली या तरुण नटाच्या सहवासात गुंतते आणि हाच हेन्री घरातील सामान उलथेपालथे करून पुरावा शोधू लागतो. आपणच लिहिलेल्या मत्सरी पतीची भूमिका आता त्याच्या वाट्याला येते, मात्र संवाद हाती नसतात. एकटा उरल्यावर विनवणीचा एकच शब्द तो पुन:पुन्हा उच्चारतो. माझ्या मते संपूर्ण नाटकातील सर्वांत प्रामाणिक क्षण तो आहे.

येथे 'क्षमा' आणि 'माफी' हे आपण सहज समानार्थी मानतो ते शब्द वेगळे करणे उपयुक्त ठरते. माफीमध्ये देणारा उंचावर आणि घेणारा खाली असतो. 'क्षमा' हा शब्द ज्या 'क्षम्' धातूपासून आला, त्याच्या अर्थात सोसणे आणि समर्थ असणे या दोन्ही गोष्टी आहेत. पृथ्वीलाही संस्कृतात 'क्षमा' म्हणतात. अ‍ॅनी माफी मागत नाही. तिला हेन्री हवा आहे, परंतु बिलीला एकाएकी तोडून टाकणे तिला जमणारे नाही आणि तेवढे हेन्रीने सोसावे, अशी तिची अपेक्षा आहे. माफी देण्याचा अधिकार हेन्रीलाही नाही, कारण मॅक्सचा संसार त्यानेच मोडलेला आहे. तो सोसतो, तेही फारशा रुबाबात नव्हे. बांधिलकी ही एकदाच करून ठेवायची गोष्ट नसून तो रोज नव्याने करावयाचा व्यवहार असतो, हे त्याला शार्लटकडून, म्हणजे ज्या पत्नीला त्याने सोडले तिच्याकडूनच ऐकावे लागते, यातील उपरोध मार्मिक आहे.

तथापि, या क्षमेचा परीघ मर्यादित आहे. युद्धस्मारकावरील पुष्पचक्र जाळून तुरुंगात गेलेला सैनिक ब्रॉडी शेवटच्या प्रवेशात अगदीच उथळ ठरवला जातो. त्याचा निषेधसुद्धा अ‍ॅनीवर छाप पाडण्यासाठीच होता, असे उघड होते आणि ती त्याच्या तोंडावर डिपचे भांडे मारते. प्रेक्षक हसतात. परंतु ज्याच्या लेखनाची हेन्रीने टर उडवली, त्यालाच नाटककाराने इतके क्षुद्र रंगवावे, यात हेन्रीची बाजू घेतल्यासारखे वाटते. मॅक्सच्या बाबतीतही हेच घडते. पहिल्या अंकात उद्ध्वस्त झालेला हा माणूस अखेरीस दूरध्वनी करून आपण पुन्हा विवाह करीत असल्याचे कळवतो. त्याने हेन्रीला क्षमा केली आहे की तो केवळ सारे विसरला आहे, हे कळण्यास मार्ग नाही, कारण त्या संभाषणातील हेन्रीची बाजूच तेवढी आपल्याला ऐकू येते.