‘आमुचं’ या शब्दाखाली

आमच्या वस्तीतल्या विहारात दर वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन होते. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, शेवटी सरणत्तय होते आणि माणसे घरी जातात. प्रश्न विचारायची रीत नाही. कुणाच्या शब्दावर विसंबून काही मानू नका असे सांगणारा बुद्ध ज्या ग्रंथात आहे, त्याचीच ही गत! म्हणून आश्विन पौर्णिमेनंतर काही पोरापोरींनी रविवारचे वाचनमंडळ सुरू केले. नियम एकच. ज्याला वाचता येत नाही त्यानेही बोललेच पाहिजे. मला बोलावणे आले. मी गेलो तो मार्गदर्शन करायला. प्राध्यापकी सुटली तरी खोड सुटत नाही.

पुस्तक होते बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’. 1982 साली ते ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि 1986 मध्ये ग्रंथरूपाने. फलटणला दुकान चालवता चालवता बाईंनी ते लिहिले आणि घरच्यांपासून वीस वर्षे लपवून ठेवले. या पुस्तकावर मीही पूर्वी एक लेख लिहिला होता. वेदना, विद्रोह, नकार, सगळे शब्द त्यात जागच्या जागी होते. प्रस्थापित समीक्षेला त्यात चार फटकेही मारले होते. सुनांच्या पायात घातल्या जाणाऱ्या लाकडी खोड्याची पाने मात्र मी एका वाक्यात उडवली होती. ‘तत्कालीन रूढींचे चित्रणही प्रभावी आहे.’ एवढेच!

नेमकी तीच पाने मंडळात मोठ्याने वाचली गेली. वाचणारी मुलगी बारावीची. सासरहून पळालेल्या सुनेला धरून आणणे, पायात ओंडका अडकवणे, नाक कापणे. बेबीताईंचे म्हणणे असे की, दुसऱ्यांनी आम्हाला गुलाम केले, तेव्हा आम्हालाही हुकमत गाजवावीशी वाटली आणि आम्ही आमच्या घरातच आमचे गुलाम शोधले. मुलगी थांबली. विहारात कुणी बोलेना.

मग चळवळीत वावरणारा एक तरुण म्हणाला, “घरची धुणी चव्हाट्यावर कशाला? बाहेरचे टपून बसलेत. आपली एकजूट महत्त्वाची.” त्याचे भय खोटे नाही. आमच्यातली उणीदुणी हुडकून ‘बघा, हेही तसलेच’ म्हणणारे पांढरपेशे मी उभ्या आयुष्यात पुष्कळ पाहिले आहेत. मी मान हलवणार होतो. तोवर नगरपालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेल्या एक मावशी बोलल्या. “माझ्या आजेसासूच्या घोट्याला खोल वण होता. आम्ही पुसलं का म्हणायची, कुत्रं चावलं. मरेस्तोवर कुत्रंच म्हणली. बाबा, तुझ्या एकजुटीत ती म्हातारी हाय का न्हाई, तेवढं सांग.”

माझ्या लेखात ती नव्हती.

आता मला दिसते ते असे. दलित आत्मकथनांत लेखकाचा ‘मी’ हा समाजाचा ‘आम्ही’ असतो, असे आम्ही समीक्षक 1978 च्या ‘बलुतं’पासून सांगत आलो. ते खरेच आहे. पण हा ‘आम्ही’ एकजिनसी आहे असे आम्ही गृहीत धरले. बेबीताईंनी तसे धरले नाही. बाळंतिणीची भूक सांगताना गावगाड्यावर कोरडा ओढणारी ही बाई त्याच हाताने सासूला आणि नवऱ्यालाही जाब विचारते, आणि तरीही पुस्तकाच्या नावात ‘आमुचं’च लिहिते. जाब विचारला म्हणून ती समाजाला परकी होत नाही. पुढे शिकून साहेब झालेल्यांनाही ती सोडत नाही. तो भाग कधी कधी भाषणासारखा होतो, हे मी पूर्वी म्हटले होते आणि आजही म्हणतो. मात्र फलटणजवळ पोरांसाठी आश्रमशाळा चालवणाऱ्या बाईला ते भाषण करण्याचा अधिकार होता, हेही खरे.

त्या दिवशी एक लहानशी गोष्ट घडली, ती समीक्षेत बसत नाही. असो, सांगतो. दर वेळी चहा करायला मुलीच उठायच्या आणि त्यांच्या वाट्याची दोन पाने वाचायची राहायची. त्या दिवशी मावशी म्हणाल्या, “पोरींनो, बसा.” आम्ही पुरुष एकमेकांकडे पाहू लागलो. शेवटी एकजूटवाला तरुणच उठला. चहात साखर घालायची तो विसरला.

नंतर वेगळाच पेच पडला. 2008 साली माया पंडित यांनी केलेला या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद आला. त्याला बेबीताईंची मुलाखत जोडलेली आहे. नवऱ्याचा संशय, मारहाण हे त्यांनी तिथे सांगितले. मराठी पुस्तकात स्वतःचे हे दुःख त्यांनी जवळजवळ येऊ दिले नाही. ते सगळ्याच बायांचे भोग, असे त्या म्हणाल्या. ही मुलाखत मराठीत करून मंडळात वाचावी असे मी सुचवले. बारावीतल्या मुलीला ते पटले. मावशींना पटले नाही. “तिनं पुस्तकात झाकून ठेवलं, ते आपण का उघडावं?” त्यावर मुलगी म्हणाली, “मग तुमच्या आजेसासूचं कुत्रं तुम्ही का उघडं केलंत?”

मावशी हसल्या, पण उत्तर दिले नाही. येत्या रविवारी यावरच बोलायचे ठरले आहे. मुलाखतीची पाने मी मराठीत करून ठेवली आहेत. ती पिशवीतून बाहेर काढायची की नाही, हे मंडळ ठरवील.