काचेच्या पेटीत 1995

माझ्या भाच्याच्या नव्या कॅबिनेटमध्ये कॅरमच्या नऊ सोंगट्या आहेत. चार काळ्या, चार पांढऱ्या, सगळ्यांत वर लाल राणी, आणि चळत ढासळू नये म्हणून भोवती सेलोटेपचा वेढा. दोन किलोंच्या वर वजनाचं ग्राफिक्स कार्ड मोकळ्या टोकाला खाली झुकतं, ते या राणीने डोक्यावर धरलंय. समोर काच, बाजूला काच, आत सात पंखे आणि सातही रंग पालटणारे. पेटी विकताना दुकानदाराने 'फ्युचरिस्टिक' हा शब्द दोनदा वापरला होता. भविष्याला सोंगट्यांचा टेकू लागतो, हे सांगायचं तेवढं राहून गेलं.

या टेकूने मला लिहायला बसवलं. संगणकाच्या पेटीचा आकार आता बदलणार, चौकोनी डब्याचे दिवस भरले, असं तैपेईचं कॉम्प्युटेक्स प्रदर्शन झालं की दर वर्षी ऐकू येतं. मी वीस वर्षं ऐकतोय. पेटी घडवणं ही मी कला मानतो, म्हणूनच गप्प बसवत नाही.

उरकण्याजोगं आधी उरकू, म्हणजे कॅबिनेट कंपन्यांचे नमुने. लिआन लीची आगगाडी आणि बोट, इन विनचा गोळा, अझाचा पिरॅमिड, कूलर मास्टरचा शार्क आणि बूट: जत्रेतल्या फोटो स्टुडिओत पुठ्ठ्याचं विमान असतं ना, त्या जातीचे हे आकार. मागून पाहिलं तर तोच माणूस, त्याच स्टुलावर. फ्रॅक्टलच्या 2022च्या 'नॉर्थ'ने पुढे लाकडी पट्ट्या लावल्या. त्यांच्या फटींतून निदान हवा जाते, म्हणून तिला हे एक वाक्य. आणि मत्स्यालय! लिआन लीच्या 2018च्या 'ओ इलेव्हन डायनॅमिक'नंतर काचेची जी साथ आली, तिने हवेची समोरची वाटच बुजवली. हवा मग कुशीतून ओढायची, नाहीतर तळातून. तळातून म्हणजे आपल्या घरांत लादीवरच्या धुळीतून.

आता ज्या आकारांवर मी पानं खर्च करीन, त्यांच्याकडे येतो.

1976चा महासंगणक क्रे-वन. वरून पाहिलं तर इंग्रजी 'सी', भोवती गादी घातलेला बाक. जगातला सगळ्यांत महाग सोफा म्हणून त्याची थट्टा झाली. पण हा 'सी' चित्रकाराच्या लहरीतून आलेला नव्हता. यंत्राच्या घड्याळाचा एक ठोका 12.5 नॅनोसेकंदांचा; तेवढ्या वेळात तारेतला संकेत फार लांब जाऊ शकत नाही. म्हणून त्याचे रचनाकार सेमूर क्रे यांनी एकही तार चार फुटांपुढे जाऊ दिली नाही. खांब 'सी'च्या वळणात उभे केले की त्यांच्या पाठी आतल्या बाजूने जवळ येतात आणि तारा आखूड होतात. बाकाखाली वीजपुरवठ्याची यंत्रणा गेली, वर माणसं बसली. तारेच्या लांबीने आकार ठरवला आणि बसायला जागाही दिली. (असली यंत्रं मिळवताना झालेल्या अडवणुकीतून 1988 साली पुण्यात सी-डॅक ही महासंगणक घडवणारी संस्था कशी उभी राहिली, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको.)

दुसरं, ऐंशीच्या दशकातलं कनेक्शन मशीन. 65,536 छोटे प्रोसेसर, बारा मितींच्या घनाच्या पद्धतीने एकमेकांना जोडलेले. डिझायनर तमिको थील यांनी ती जोडणीच बाहेर आणली: घनांचा बनलेला काळा घन, दर्शनी अंगावर लाल दिव्यांची रांगोळी. ते दिवे आत काय चाललंय ते सांगत. भाच्याच्या सात पंख्यांचे दिवे काय सांगतात? 'आता मी जांभळा.' आणि दोन सेकंदांनी, 'आता मी हिरवा.'

तिसरा, ॲपलचा 2000 सालचा जी-फोर क्यूब. पारदर्शक ॲक्रिलिकच्या आवरणात अधांतरी धरलेला आठेक इंचांचा घन, आणि पंखा नाही. खालून हवा येते, तापते, हलकी होऊन वरच्या जाळीतून निघून जाते. चुलीच्या धुराड्याचंच तत्त्व. किंमत 1,799 डॉलरपासून पुढे. जुलै 2001मध्ये, वर्षभरातच, उत्पादन थांबलं. लोकांच्या लक्षात राहिल्या त्या ॲक्रिलिकमधल्या रेषा, ज्यांना गिऱ्हाईक तडे म्हणत होतं आणि कंपनी साच्याच्या खुणा. माझ्या लक्षात राहिली ती मूठ. घन उलटा करायचा, तळाची मूठ दाबायची, ती वर येते. ती धरून अख्खं यंत्र बाहेर काढायचं, इडलीपात्रातून स्टँड उचलावा तसं. हवेचा विचार करणाऱ्याने हाताचाही विचार केला होता.

चौथा आकार निघाला की माझं सगळ्यांशी वाजतं. 2013चा मॅक प्रो, ते काळं नळकांडं, ज्याला जगाने कचऱ्याचा डबा म्हटलं. उंची जेमतेम 25 सेंटिमीटर. मधोमध ॲल्युमिनियमचा एकच तिकोनी गाभा. एका अंगाला प्रोसेसर, दोन अंगांना दोन ग्राफिक्स कार्डं. वर एक पंखा, तिघांची उष्णता एकदम उपसणारा. याहून नेटकं उत्तर मी पाहिलेलं नाही. पुढे जग दोन मध्यम कार्डांऐवजी एका दांडग्या कार्डाकडे वळलं आणि त्या तिकोनाच्या एका अंगाला तेवढी उष्णता पेलेना. 2017मध्ये कंपनीने ही कोंडी उघडपणे मान्य केली आणि 2019मध्ये मुकाट्याने टॉवरकडे परतली. सगळ्यांनी धडा घेतला: गोल आकार चुकला. आकार चुकलेला नव्हता! त्या अंगांवर दुसऱ्या कुणाचंच कार्ड बसत नव्हतं, ही चूक होती. नळकांड्याचं माप सगळ्यांसाठी खुलं असतं, तर कुणीतरी त्या गाभ्याला दोनच अंगं देऊन पाहिली असती.

इथे सोंगट्या परत येतात. आयबीएमच्या 1981च्या पीसीत पेटी आडवी होती. बोर्ड तळाला झोपलेला, कार्डं त्यावर उभी, वजन सरळ खाली. पुढे टेबलावरची जागा वाचवायला पेटी उभी केली. बोर्ड भिंतीला लागला आणि उभी कार्डं आडवी झाली. तेव्हाची कार्डं हलकी, कुणाला काही जाणवलं नाही. 1995मध्ये इंटेलने एटीएक्सचं माप घालून दिलं: 305 बाय 244 मिलिमीटरचा बोर्ड, सात कार्डांपर्यंत जागा. साउंड कार्ड, मोडेम, नेटवर्क कार्ड अशी जत्रा त्या काळी खरंच असे. आज ते सगळं बोर्डातच आलं. उरलं एक ग्राफिक्स कार्ड, जे तीन कार्डांची जागा अडवून बसतं आणि 1981च्या त्याच मागच्या पट्टीला स्क्रूने लटकतं. 2025च्या आरटीएक्स 5090ची भूक 575 वॉट. प्रोसेसर धरला, तर संध्याकाळभर खोलीत इस्त्री चालू ठेवल्यासारखं आहे, आणि ती इस्त्री भिंतीला एका टोकाने आडवी लटकवलेली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

म्हणून कॅबिनेटवाल्यांच्या नव्या आकारांना मी भुलत नाही. पेटी गोल करा, बूट करा. बोर्डाची भोकं, मागच्या पोर्टांची खिडकी, कार्डाची पट्टी, वीजपुरवठ्याच्या एसएमपीएसचं माप, यांतलं काहीच त्यांच्या हातात नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

या बेड्यांत राहूनही ज्यांनी डोकं चालवलं, त्यांचं मोल म्हणूनच मोठं. सिल्व्हरस्टोनने 'रेव्हन'मध्ये बोर्ड 90 अंशांत फिरवला. पोर्ट छताला गेले, कार्ड पट्टीपासून खाली सरळ लोंबू लागलं आणि टेकूचा प्रश्नच मिटला. (गरम हवा आपोआप वर जाते म्हणून ही पेटी थंड, असं तिचे भक्त सांगतात; ते सोडून द्या. पंखे सुरू झाले की त्या चढाचा जोर कुठल्या कुठे.) मग डॅन ए-फोर. 7.2 लिटर! नेहमीची मिड-टॉवर 40-45 लिटरची. इथे 17 सेंटिमीटर चौरसाचा मिनी-आयटीएक्स बोर्ड आणि कार्ड पाठीला पाठ लावून उभे, मध्ये पत्र्याचा कणा, दोघांना जोडणारी चपटी केबल. कार्ड बोर्डाला लटकत नाही, त्याच्या पाठीशी उभं राहतं. दोघांच्या हवेच्या वाटा वेगळ्या, कुणी कुणाची गरम हवा गिळत नाही. हे मोठ्या कंपनीने केलं नाही. एका हौशी माणसाने लोकवर्गणीतून केलं, आणि मोठ्या कंपन्या मागून आल्या. फ्रॅक्टलच्या 2023च्या 'टेरा'त तर हा कणा कार्डाच्या जाडीप्रमाणे डावी-उजवीकडे सरकवता येतो. तीस वर्षांत पेटीत घडलेली एकमेव खरी गोष्ट ही, असं मी म्हणेन. आणि ती घडली कशाने? कार्ड आणि बोर्ड यांची ताटातूट करून, मध्ये एक केबल घालून.

बंद यंत्रवाले इथे हसतील. त्यांना एटीएक्सचा जाच नाही, त्यांनी काय केलं? 2024चा मॅक मिनी: 12.7 सेंटिमीटर चौरस, 5 उंच. एनव्हिडियाचा डीजीएक्स स्पार्क: 15 चौरस, 5 उंच. अर्धा किलो पेढ्यांचे बॉक्स! कुठलाही आकार घेण्याची मुभा होती आणि हलवायाच्या दुकानातून आकार आणला. पेटी उघडून रॅम बदलता यायची सोयही गेली. फ्रेमवर्कने 2025च्या साडेचार लिटरच्या डेस्कटॉपमध्ये रॅम झाळून टाकली. जवळ बसवली की वेग मिळतो हे त्यांचं कारण खरं आहे, आणि बोर्ड निदान मिनी-आयटीएक्स मापाचा ठेवला हा सज्जनपणाही खरा. पण भविष्य म्हणून मला हा पेढ्यांचा बॉक्स दाखवू नका. मिठाई संपली की तो टाकूनच देतात.

एटीएक्सचे कैवारी म्हणतील, या मापामुळेच पुण्याच्या तपकीर गल्लीत वीस वर्षांपूर्वीच्या कॅबिनेटमध्ये आजचा बोर्ड बसतो. ते मोडून काय मिळवणार? मला ते मोडायचं नाही, त्याच्या तोलाचं दुसरं हवंय. 2003च्या सुमारास इंटेलनेच बीटीएक्स आणलं होतं, हवेच्या सरळ वाटेवर सगळे भाग मांडणारं. 2006मध्ये कमी तापणारे प्रोसेसर आले आणि ते गुंडाळलं गेलं. आजार बरा झाला म्हणून औषध फेकलं. आता आजार प्रोसेसरमधून कार्डात शिरलाय आणि औषधाचं नाव कुणी काढत नाही.

बोर्ड बदलता येत नाही असंही नाही. असूस आणि एमएसआयने अलीकडे सगळ्या जोडण्या बोर्डाच्या पाठीमागे नेल्या. भोकं नवी, कॅबिनेट नवं, सगळा उद्योग बिनतक्रार हलला. कशासाठी? काचेतून तारा दिसू नयेत म्हणून! नटण्यासाठी माप बदलतं, वजनासाठी बदलत नाही. ज्यांना विजेचं बिल भरावं लागतं, ते असा पोरखेळ करत नाहीत. 2011मध्ये फेसबुकच्या पुढाकाराने ओपन कंप्यूट प्रकल्प सुरू झाला. डेटा सेंटरवाल्यांनी पुढे 19 इंची चौकट सोडून 21 इंचांची आखली आणि आराखडे खुले ठेवले. टेबलाखालच्या पेटीने काय घोडं मारलंय?

मला हवं ते थोडक्यात सांगतो. कार्डाला बोर्डाचं ओझं न समजता बरोबरीचं समजणारं खुलं माप. त्याच्या वजनाला स्वतःचे चार स्क्रू, त्याच्या हवेला स्वतःची वाट, आणि दोघांमध्ये ठरलेल्या जोडणीची केबल, जी कुणाचीही कुणाला बसेल. केबल फार लांब चालणार नाही, मान्य. क्रे यांचा चार फुटांचा नियम आता वीतभर अंतरावर आलाय. पण त्या नियमातून सोफा निघाला होता. वीतभर मोकळीक द्या, मग पेटी भिंतीवर टांगा, टेबलाच्या पायात घाला, खिडकीच्या चौकटीत उभी करा. तोवर नवा आकार म्हणून जे दाखवाल, ते पुठ्ठ्याचं विमानच.

मे महिन्यात भाच्याने धूळ काढायला बाजूची काच उतरवली आणि कड लादीवर टेकवली. टफन्ड काच कडेला नाजूक. खळ्ळकन आवाज झाला आणि घरभर खडीसाखर. नवी काच मिळेपर्यंत त्याने वेल्क्रोने डासांची जाळी लावली. पंख्यांची घरघर उतरली, खेळताना कार्ड पूर्वीपेक्षा कमी तापू लागलं. नवी काच आली, ती अजून पुठ्ठ्यातच आहे. पेटी अशी जाळीने सुधारली. सोंगट्या मात्र जागच्या हलल्या नाहीत, कारण त्या काढायच्या तर बोर्ड नव्याने आखावा लागेल.

दिवाळीत पोरांनी माळ्यावरून कॅरम काढला आणि राणी मागायला माझ्याकडे आली. मी म्हटलं, इंटेलला विचारा.