झिंझोटीची तीन मिनिटे

हल्ली आम्ही कोणते गाणे ऐकतो, असे कोणी पुसल्यास अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी, असे आम्ही सांगू. परंतु ‘आवडते म्हणून’ एवढेच उत्तर रसिकास शोभत नाही. कारणही दिले पाहिजे. खाँसाहेब १९३७ साली निवर्तले. त्यांची मैफल आता कोणासही लाभणे नाही. उरल्या त्या ध्वनिमुद्रिका, आणि त्या काळच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. एवढ्यात रागाचा विस्तार कसला होणार, हा जाणत्यांचा आक्षेप खरा आहे. तबकडीस कोणी मैफल मानू नये. मात्र त्या अल्प अवधीतही खाँसाहेब घाई करीत नाहीत. त्यांचा भर हळुवार, लांबविलेल्या स्वरांवर आहे; विरहाची आर्तता शब्दांच्या आधी स्वरांतूनच कानी पडते. वेळ थोडा असता काय गाळावे, याची ही जाण आम्हांस मोलाची वाटते. हीच ठुमरी बालपणी तबकडीवर ऐकून भीमसेन जोशींस गाण्याचा ध्यास लागला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. म्हणून हे ध्वनिमुद्रण आम्ही पुनःपुन्हा ऐकतो, आणि घरातील मुलांच्याही कानी ते पडू द्यावे, अशी वाचकांस आग्रहाची विनंती करतो.