पडद्यावरचे पाठभेद

ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांची चर्चा आपल्या मंडळाच्या बैठकांतून अनेकदा झाली आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी त्या ग्रंथाची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये, अशी ताकीदही देऊन ठेवली. तेथे प्रश्न परक्याने घुसडलेल्या मजकुराचा होता. परंतु खुद्द रचनाकारानेच आपल्या कृतीची दुसरी आणि मग तिसरी प्रत काढली व प्रत्येक वेळी 'हीच माझी' असे सांगितले, तर रसिकाने कोणती प्रमाण मानावी? हा प्रश्न आम्हाला भेटला तो मात्र अगदी अनपेक्षित ठिकाणी, इंग्रजी विज्ञानपटांत, आणि तेही हाणामारीच्या. ज्येष्ठ सभासदांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. या चित्रपटांइतकी पाठचिकित्सेची सामग्री आजकाल दुसरीकडे क्वचितच मिळते.

अमेरिकेतील चित्रव्यवसायात अखेरचा शब्द बहुधा पैसा घालणाऱ्या कंपनीचा असतो. त्यामुळे चित्रगृहात येणारी प्रत ही अनेकदा तडजोड असते. पुढे घरगुती व्हिडिओचा बाजार वाढला, तेव्हा 'डायरेक्टर्स कट' म्हणून निराळ्या प्रती बाहेर येऊ लागल्या. या नावातच एक गृहीतक दडलेले आहे. व्यापाऱ्याने कापले, कलावंताने पुन्हा जोडले, तेव्हा जोडलेले ते श्रेष्ठच असणार. आम्हीही बरीच वर्षे असेच समजत होतो.

या समजुतीला सर्वांत मोठा आधार मिळतो तो रिडली स्कॉट यांच्या 'ब्लेड रनर'मध्ये. फिलिप के. डिक यांच्या १९६८ च्या कादंबरीवरून घेतलेला हा चित्रपट जून १९८२ मध्ये प्रदर्शित झाला. त्याआधी मार्चमध्ये डेन्व्हर आणि डॅलस येथे घेतलेल्या चाचणी खेळांत प्रेक्षक गोंधळले. कंपनी घाबरली. मग नायक डेकार्डच्या तोंडी, म्हणजे हॅरिसन फोर्ड यांच्या आवाजात, पार्श्वभूमीवरून निवेदन घालण्यात आले. शेवटी नायक-नायिका हिरव्या डोंगरांतून मोटारीने निघून जातात, असा गोड शेवटही जोडला. त्या डोंगरांची आकाशातून घेतलेली दृश्ये स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या 'द शायनिंग'साठी चित्रित होऊन उरलेली होती. दुसऱ्याच्या घरच्या उरलेल्या अन्नाने पंगत संपवावी, तसे हे झाले.

१९९० मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चित्रगृहात जवळजवळ निवेदनाशिवायची प्राथमिक प्रत चुकून दाखवली गेली आणि प्रेक्षकांनी ती उचलून धरली. त्यातून १९९२ ची दिग्दर्शकाची प्रत निघाली. तिच्यात निवेदन नाही, डोंगर नाहीत. लिफ्टचे दार बंद होते आणि चित्रपट संपतो. तीही घाईत तयार झालेली. स्कॉट यांना पूर्ण मोकळीक मिळाली ती २००७ च्या अखेरच्या प्रतीत.

निवेदनाने काय बिघडवले होते, ते एकाच प्रसंगावरून दाखवता येते. रुटगर हाउअर यांनी साकारलेला रॉय बॅटी हा मानवनिर्मित मानव. त्याला आयुष्य दिलेले चार वर्षांचे आणि ते संपत आलेले. डेकार्ड त्याला मारायला आलेला आहे. पाठलागात डेकार्ड गच्चीच्या कडेला लोंबकळतो, हात सुटतो, आणि बॅटी त्याला मनगट धरून वर ओढून घेतो. मग पावसात बसून, आपण जे पाहिले ते आपल्याबरोबर नाहीसे होणार, एवढेच तो सांगतो आणि मान खाली घालतो. हातातले पांढरे कबूतर उडून जाते. १९८२ च्या प्रतीत नेमक्या याच क्षणी डेकार्डचा आवाज सुरू होतो आणि, त्याने मला का वाचवले कोण जाणे, कदाचित शेवटच्या घटकेला त्याला जीवनाचे प्रेम अनावर झाले असेल, अशा आशयाचे स्पष्टीकरण देतो. कीर्तनकाराने अभंग म्हणावा, श्रोत्यांचे डोळे भरून यावेत आणि शेजारच्याने कानाशी येऊन अर्थ सांगू लागावे, तसा हा आवाज आहे. पुढच्या प्रतींत तेथे फक्त पाऊस आणि फोर्ड यांचा चेहरा राहिला आहे. तेवढे पुरते.

येथवर दिग्दर्शकाचा विजय निर्विवाद आहे. पण स्कॉट यांनी नुसते काढले नाही. एक गोष्ट घातलीही. १९९२ पासून डेकार्डला जागेपणी एका एकशिंगी घोड्याचे स्वप्न पडते. चित्रपटाच्या शेवटी गॅफ या पोलिसाने घडी करून ठेवलेला कागदी एकशिंगी घोडा त्याला दारात सापडतो. त्याचे खासगी स्वप्न गॅफला माहीत आहे, म्हणजे ते बाहेरून भरलेले आहे, म्हणजे डेकार्ड स्वतःही कृत्रिम मानव आहे, असा हा हिशेब. स्कॉट यांचे मत तसेच आहे. फोर्ड यांना ते मान्य नव्हते. आम्ही फोर्ड यांच्या बाजूने आहोत. ज्याला माणूस मानले जात नाही, त्याने आपल्या मारेकरी माणसाला हात द्यावा, यावर ती गच्ची उभी आहे. डेकार्ड माणूस नसेल, तर तो हात आपल्यापर्यंत पोचतच नाही; त्या दोघांचा तो घरगुती मामला होतो. निवेदन काढून त्याच्या जागी स्कॉट यांनी एक कोडे बसवले आणि उत्तरही खाली छापले. हेही एक स्पष्टीकरणच, फक्त मुके.

सरकारी नोकरीत आमच्या मसुद्यांवर वरिष्ठांची लाल शाई फिरत असे आणि आम्ही मनातल्या मनात चडफडत असू. निम्म्या वेळा ती शाई बरोबर होती, हे निवृत्तीनंतर कबूल करण्यास हरकत नाही. जेम्स कॅमेरॉन यांच्या 'एलियन्स'च्या दोन प्रती पाहताना आम्हाला त्या शाईची आठवण झाली. १९८६ ची चित्रगृहातली प्रत १३७ मिनिटांची. १९९१ मध्ये लेझरडिस्कवर आलेली विशेष प्रत सतरा मिनिटांनी मोठी. त्या सतरा मिनिटांत बरे-वाईट दोन्ही आहे.

दूरच्या ग्रहावरील वसाहतीशी संपर्क तुटतो आणि सैनिकांची तुकडी रिप्ली या बाईला घेऊन तेथे उतरते. मोठ्या प्रतीत ही वसाहत आपल्याला आधीच गजबजलेली दिसते. मुले खेळत आहेत, एक कुटुंब त्या अभद्र जहाजाजवळ जाते, बापाच्या तोंडाला तो प्राणी चिकटतो. मग सैनिक रिकाम्या ओसाड खोल्यांतून चालू लागतात, तेव्हा आपल्याला सगळे ठाऊक असते आणि त्यांना काहीच नसते. लहान प्रतीत आपणही त्यांच्याइतकेच अंधारात असतो. अर्धवट टाकलेले जेवण पाहून पोटात गोळा येतो तो याच अज्ञानामुळे. हा भाग कापणाऱ्याचे आम्ही आभारच मानू. उलट स्वयंचलित तोफांचा प्रसंग जायला नको होता. शत्रू जेमतेम दिसतो. पडद्यावर फक्त उरलेल्या गोळ्यांचा आकडा भराभर उतरत जातो आणि माणसे तो आकडा बघत बसतात. कोषागारात मार्चअखेर काढलेल्यांना या दृश्याचा थरार निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

खरा पेच मुलीचा. सत्तावन्न वर्षांच्या निद्रेतून रिप्ली जागी होते, तेव्हा तिची मुलगी सहासष्ट वर्षांची होऊन वारलेली असते. अकराव्या वाढदिवसाला परत येईन, असे तिला सांगून रिप्ली निघाली होती. तिच्या हातात म्हाताऱ्या मुलीचा फोटो दिला जातो. तो फोटो प्रत्यक्षात रिप्लीची भूमिका करणाऱ्या सिगर्नी वीव्हर यांच्या आईचा आहे. पुढे न्यूट या अनाथ पोरीसाठी रिप्ली जिवावर उदार होऊन खाली उतरते, त्याचे कारण या प्रसंगाने मिळते. कारण मिळणे हेच तर आम्हाला नको होते. परक्या लेकरासाठी धावणाऱ्या बाईला कारण लागत नाही. असे असूनही हा प्रसंग काढावा असे आम्हाला म्हणवत नाही. तो आपल्याला उद्देशून नाही. रिप्ली फोटोवरून बोटे फिरवते आणि पुढे त्या मुलीविषयी फारसे बोलत नाही. न्यूट अखेरीस तिला आई म्हणून मिठी मारते, तेव्हा ते मौन फुटते.

'टर्मिनेटर २' (१९९१) या कॅमेरॉन यांच्याच चित्रपटातून असेच एक मौल्यवान दृश्य गळले आणि १९९३ च्या विशेष प्रतीत परत आले. यंत्रमानवाला शिकता यावे म्हणून सारा आणि तिचा मुलगा जॉन त्याच्या डोक्यातील चकती बाहेर काढतात. चकती हाती येताच सारा ती फोडायला हातोडा उगारते. जॉन आडवा येतो. आईने प्रथमच मुलाचे ऐकले, ते येथे. लहान प्रतीत जॉन पुढारी होणार असे सगळे सांगतात, पण तो होताना दिसत नाही. (या दृश्यातला आरसा आरसा नाहीच. चौकटीच्या एका बाजूला लिंडा हॅमिल्टन आणि दुसऱ्या बाजूला त्यांची जुळी बहीण लेस्ली. असो.) याच चित्रपटासाठी २०२९ मधील बागेत बसलेली वृद्ध सारा आणि सर्वत्र सुखशांती, असा शेवटही चित्रित झाला होता. तो कॅमेरॉन यांनी घेतला नाही. रात्रीच्या रस्त्यावर चित्रपट सोडून दिला. गोड शेवटाचा मोह आवरण्याची समज त्यांना होती.

आता आमची अडचण सांगतो. 'ब्लेड रनर' आम्ही प्रथम पाहिला तो मागून आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर, निवेदनासकट. आमचे इंग्रजी फायलींतले. अमेरिकन उच्चार कानांवरून जात. तो संथ, कंटाळलेला आवाज होता म्हणून आम्हाला कथा लागली, बॅटी कोण ते कळले, आणि पावसातल्या त्या प्रसंगाने रात्रभर झोप आली नाही. ज्या आवाजाला वर आम्ही नावे ठेवली, त्यानेच आम्हाला दार उघडून आत घेतले होते. पुतण्याला हा लेख वाचून दाखवला, तेव्हा तो म्हणाला, "काका, तो आवाज नसता तर तुम्ही अर्ध्यातून उठला असता." आम्हाला उत्तर देता आले नाही. डेन्व्हर आणि डॅलसचे ते गोंधळलेले प्रेक्षक आम्हाला तेव्हापासून तितकेसे अरसिक वाटत नाहीत.

२००७ च्या संचात पाचही प्रती आहेत, १९८२ ची धरून. आमच्या घरी लागते ती अखेरची प्रत. एकशिंगी घोडा आला की आम्ही चहा ठेवायला उठतो.