ग्रहशोधाचा खेळ आणि प्रश्नांची भाषा

वर्गात खेळावयाच्या ग्रहशोधाचे स्वरूप परिचित आहे. विद्यार्थ्यांचे गट पाडावयाचे, प्रत्येक गटास प्रश्नांची चिठ्ठी द्यावयाची आणि तक्त्यांत वा पुस्तकांत विखुरलेली उत्तरे त्यांनी हुडकून आणावयाची. मुले हिंडतात, परस्परांस विचारतात. हा या खेळाचा गुण निर्विवाद होय. परीक्षण करावयाचे ते त्यांतील प्रश्नांचे.

'वलये असलेला ग्रह कोणता?' या प्रश्नास 'शनी' हे उत्तर अपेक्षित असते. परंतु वलये गुरू, युरेनस व नेपच्यून यांसही आहेत. असा प्रश्न शब्द हुडकावयास लावतो, विचार करावयास नव्हे. दुसरी अडचण 'ग्रह' या शब्दाचीच. परंपरेच्या नवग्रहांत सूर्य, चंद्र, राहू व केतू येतात, पृथ्वी येत नाही. सूर्यमालेच्या आठ ग्रहांत पृथ्वी येते, ते चार येत नाहीत. २००६ साली प्लूटोही बटुग्रह ठरला. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ वेगळे करून दाखविल्यावाचून 'ग्रह किती?' असे विचारणे म्हणजे मुलास चकविणे होय.

अमरावती-अकोल्याकडील विद्यार्थ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो. शाळा ती 'शाया', मंगळ तो 'मंगय'. चिठ्ठीवर 'मंगय' लिहिणाऱ्या मुलाचे खगोलज्ञान चुकलेले नसते. त्याचा गुण कापल्यास परीक्षा ग्रहांची न राहता बोलीची होते. प्रमाण रूप शिकविलेच पाहिजे, हा आक्षेप योग्य आहे. पण ते दोन्ही रूपे शेजारी मांडून शिकविता येते. तीच गोष्ट १७८१ साली हर्शेलने शोधलेल्या ग्रहाची. पंचांगात तो 'हर्षल', विज्ञानाच्या पुस्तकात 'युरेनस', हिंदीत 'अरुण'. या भागातील मुलाच्या कानी तिन्ही नावे पडू शकतात. उत्तरसूचीत मात्र बहुधा एकच असते.

याउलट घरच्या भाषेतूनच उत्तम प्रश्न निघू शकतो. 'साडेसाती' हा शब्द वऱ्हाडात कोणास ठाऊक नाही? शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षे राहतो. तीन राशींची साडेसात होतात. तर बारा राशींची किती? मूल तीस म्हणेल. शनीचा प्रदक्षिणाकाळ सुमारे साडेएकोणतीस वर्षांचा आहे. नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी का येतो, या प्रश्नातून गुरूचे वर्ष हाती लागते. फलज्योतिष येथे मान्य करावे लागत नाही. ग्रहांच्या गतीचे जे निरीक्षण लोकभाषेत साठले आहे, तेवढेच उचलावयाचे असते.

सारांश, खेळ टाकाऊ नाही, चिठ्ठ्या मात्र नव्याने लिहावयास हव्यात. ज्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मुलाच्या घरी आणि अर्धे शाळेच्या पुस्तकात आहे, तोच शोध या नावास पात्र होय.