दुप्पट स्वॅप : एका सोप्या उत्तराची चिकित्सा

संगणकावर मोठी आकडेमोड चालू आहे आणि मध्येच ‘स्मृती अपुरी’ असा संदेश येऊन प्रोग्राम बंद पडतो. अशा वेळी मिळणारा सल्ला ठरलेला असतो : ‘स्वॅप वाढवा, रॅमच्या दुप्पट ठेवा.’ या सल्ल्यामागे पाठ्यपुस्तकांतून शिकवले जाणारे एक वाक्य असते : ‘आभासी स्मृतीमुळे संगणकाची स्मृती वाढते.’ दोन्ही विधाने इतकी रुळली आहेत, की ती कुठे खरी ठरतात आणि कुठे फसतात हे सहसा कोणी विचारत नाही. शिक्षकांनी ते विचारायला हवे. कारण वर्गात सांगितलेले अर्धे सत्य विद्यार्थी पुढे प्रयोगशाळेत घेऊन जातो आणि तिथे त्याचे दिवसच्या दिवस वाया जातात.

प्रथम मूळ कल्पना पाहू. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी फेरांटी कंपनीबरोबर ‘अ‍ॅटलास’ हा संगणक बांधला. १९६२ साली तो सुरू झाला. त्याची मुख्य स्मृती १६ हजार शब्दांच्या आसपास होती, तर फिरत्या चुंबकी ड्रमवर सुमारे ९६ हजार शब्द मावत. कोणता मजकूर केव्हा ड्रमवरून आणायचा, हे तोवर प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागे. अ‍ॅटलासने ते काम यंत्राकडे सोपवले. स्मृतीची ५१२ शब्दांची ‘पाने’ पाडली. लागेल ते पान यंत्र स्वतः आणी आणि नको असलेले परत ठेवी. म्हणजे या योजनेचा हेतू माणसाचे कष्ट वाचवण्याचा होता. ड्रम मुख्य स्मृतीइतका वेगवान होईल, असा तिचा दावा कधीच नव्हता.

नेमकी हीच गोष्ट आपल्या नेहमीच्या उपमेत हरवते. रॅम म्हणजे टेबल आणि हार्ड डिस्क म्हणजे कपाट, असे आपण सांगतो. उपमा चांगली आहे, पण तिच्यात अंतर सांगितलेले नसते. रॅममधून एक आकडा उचलायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या चकतीवर योग्य जागी पोचायला सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे एक लाख पट वेळ जातो. टेबलावरचे पुस्तक एका सेकंदात हाती येत असेल, तर कपाटातले आणायला सुमारे २८ तास लागतील! आजच्या एसएसडीमध्ये हे अंतर हजार पटींच्या आसपास येते. तरीही ते हजार पट उरतेच.

आता ‘दुप्पट’ हा आकडा. जुन्या काही युनिक्स प्रणालींत रॅममधल्या प्रत्येक पानासाठी डिस्कवर जागा राखून ठेवावी लागे. रॅमही थोड्या मेगाबाइटांची असे. त्या काळी रॅमहून मोठा स्वॅप ठेवण्यात अर्थ होता. कारण गेले, परिस्थिती बदलली, नियम मात्र मागे उरला. नियमाचा खरा दोष असा, की तो फक्त यंत्राकडे पाहतो. आकडेमोड कोणती आहे, हे विचारतच नाही.

एक उदाहरण घेऊ. ८ जीबी रॅमच्या संगणकावर दोन मॅट्रिक्सचा गुणाकार करायचा आहे. प्रत्येकीत २०,००० ओळी व २०,००० स्तंभ. एका संख्येला ८ बाइट, म्हणून एक मॅट्रिक्स ३.२ जीबीची, उत्तरासह तिन्ही मिळून ९.६ जीबी. स्वॅप नसेल तर हे मावणार नाही. पण उत्तराची एक ओळ काढायला पहिल्या मॅट्रिक्सची एकच ओळ लागते, दुसरी मात्र संपूर्ण लागते. म्हणजे कोणत्याही क्षणी खरोखर हाताशी हवी असलेली स्मृती ३.२ जीबीहून थोडी अधिक. बाकीची पाने स्वॅपमध्ये निवांत पडून राहू शकतात. इथे स्वॅप वाढवण्याचा सल्ला अगदी योग्य आहे.

आता ओळी व स्तंभ ४०,००० करा. एक मॅट्रिक्स १२.८ जीबीची झाली. दुसरी मॅट्रिक्स एकटीच रॅममध्ये मावत नाही. सर्वांत जुने पान आधी बाहेर काढायचे, या नेहमीच्या पद्धतीने पुढच्या ओळीला लागणारे पान नेमके आधीच बाहेर गेलेले असते. दर ओळीला दुसऱ्या मॅट्रिक्सची ४,०९६ बाइटांची सुमारे ३१ लाख पाने पुन्हा आणावी लागतात. प्रत्येकाला १० मिलिसेकंद धरले, तर एका ओळीला साडेआठ तासांहून अधिक वेळ आणि ४०,००० ओळींना जवळजवळ ४० वर्षे! सेकंदाला एक अब्ज क्रियांच्या वेगाने प्रत्यक्ष गणित दीड दिवसाचे आहे. स्वॅप कितीही मोठा असला, तरी या ४० वर्षांतले एक वर्षही कमी होत नाही.

पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये हे दुखणे नेमके मांडले. प्रोग्राम अलीकडच्या काळात जी पाने वापरत असतो, त्या संचाला त्यांनी ‘वर्किंग सेट’ म्हटले. हा संच रॅममध्ये मावला नाही, तर यंत्र गणित सोडून पाने वाहण्यातच गुंतते. त्याला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. म्हणून विचारायचा प्रश्न ‘एकूण स्मृती किती?’ हा नसून ‘एका वेळी किती?’ हा आहे.

त्याचे उत्तर बदलणे प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हाती असते. वरच्या मॅट्रिक्सचे १०,००० बाय १०,००० चे तुकडे करा. तीन तुकड्यांना २.४ जीबी पुरतात. तुकडे डिस्कवर सलग ठेवले आणि सेकंदाला १०० मेगाबाइट वाचता आले, तर सारी ने-आण वीस मिनिटांत आटोपते. ४० वर्षांची वीस मिनिटे होतात, आणि तीही नवे यंत्र न घेता.

दुरुस्तीला बसताना म्हणूनच तीन मर्यादा वेगळ्या ओळखाव्यात. पहिली पत्त्यांची : ३२ बिटांच्या प्रोग्रामला ४ जीबीच्या पलीकडचा पत्ताच लिहिता येत नाही, तिथे स्वॅप निरुपयोगी. दुसरी साठ्याची : रॅम व स्वॅप मिळून जागा संपली. लिनक्स मागितलेली स्मृती बहुधा आधी कबूल करतो आणि प्रत्यक्ष वापराच्या वेळी जागा उरली नाही, की एखादा प्रोग्राम बंद करतो. इथे स्वॅप उपयोगी पडतो. तिसरी वेगाची : प्रोग्राम जिवंत आहे, पण पुढे सरकत नाही. ‘व्हीएमस्टॅट’ ही आज्ञा देऊन ‘एसआय’ व ‘एसओ’ हे रकाने पाहावेत. दोन्हींत सतत मोठे आकडे दिसत असतील आणि प्रोसेसर रिकामा बसला असेल, तर ते थ्रॅशिंग समजावे. स्वॅपमध्ये नुसती पाने पडून असणे हा दोष नव्हे. त्यांची सततची ये-जा हा दोष आहे.

स्वॅप टाकाऊ आहे, असा याचा अर्थ नाही. अचानक वाढलेली गरज तो सांभाळतो आणि न लागणारी पाने बाजूला ठेवून कामाच्या पानांना जागा करून देतो. आक्षेप आहे तो निदानाआधी औषध देण्याला. पाठ्यपुस्तकातले वाक्यही थोडे बदलले, तर पुरेसे आहे : ‘आभासी स्मृतीमुळे मोठा प्रोग्राम चालू शकतो, तो किती वेगाने चालेल, हे त्याचा वर्किंग सेट रॅममध्ये मावतो की नाही यावर ठरते.’ वरचा भागाकार-गुणाकार अकरावीच्या विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करून घ्यावा. त्यासाठी संगणकाचीही गरज नाही.