जुन्या खंजिराची स्तुती

स्कायडायव्हिंग हा खेळ साधनांवर चालतो. कापड, दोऱ्या, पट्टे यांतलं काही फसलं तर सावरायला मोजके सेकंद मिळतात. अशा खेळातल्या लोकांना कायम नवीनच हवं असणार, असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात या मंडळींत जुन्या पॅराशूटांचे भक्त भरपूर आहेत. तेही संथ, सोशिक पॅराशूटांचे नव्हेत. एके काळी वेगवान आणि तापट समजल्या गेलेल्या कॅनॉप्यांचे. त्यांच्या बोलण्यात हमखास येणारं नाव म्हणजे 'स्टिलेटो'. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचं हे डिझाइन. त्यानंतर कॅनॉप्यांच्या पुढच्या पिढ्या आल्या, पण 'ती मजा पुन्हा आली नाही' हा सूर काही जात नाही.

मी स्वतः उड्या मारणारा नाही. माझा धंदा सॉफ्टवेअरचा, आणि जुन्या अवजारांवरच्या प्रेमाची भाषा तिथेही रोज कानावर पडते. ही भाषा कुठे खरी असते आणि कुठे अर्धवट, हे तपासायला स्टिलेटो फार चांगलं उदाहरण आहे. कारण इथे अर्धवट बोलण्याची किंमत कुणाच्या तरी हाडांनी मोजली जाते.

आधी थोडं कापडाबद्दल. स्कायडायव्हिंग म्हटलं की आपल्याला पुण्याच्या शीतल महाजन आठवतात: २००४ मध्ये उत्तर ध्रुवावरची उडी, २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून मारलेली उडी. आपल्याला नऊवारी लक्षात राहिली. डोक्यावर कोणतं कापड उघडलं होतं, हे विचारायचं सुचलं नाही. मनात पॅराशूटचं चित्र अजून छत्रीचंच असतं. छत्री तुम्हाला फक्त सावकाश खाली सोडते. पण डोमिना जॅल्बर्ट या अमेरिकन संशोधकाने १९६० च्या दशकात 'पॅराफॉइल' मांडलं तेव्हापासून ही कल्पना बदलली. कापडाचे दोन थर, मध्ये उभे पडदे, पुढची बाजू उघडी. त्यातून हवा आत घुसते, कापड फुगतं आणि त्याचा पंख होतो. आजची कॅनॉपी म्हणजे विमानाचा कापडी पंख आहे. ती पुढे जाते, वळते, सूर मारते. दोन्ही हातांतले टॉगल खाली ओढले की तिचा वेग मोडतो आणि माणूस अलगद उतरतो. वेळेवर ओढले तर.

पंख म्हटला की हिशेब आला. समजा, सामानासकट एका माणसाचं वजन ९२ किलो, म्हणजे साधारण २०३ पौंड आहे. १९० चौरस फुटांच्या कॅनॉपीवर दर चौरस फुटाला १.०७ पौंड भार येईल. १३५ च्या कॅनॉपीवर १.५ पौंड. पंखाचा आकार तोच धरला तर वेग भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे सुमारे १८ टक्के. हे फार वाटत नाही. पण आपटण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ४० टक्क्यांनी. शिवाय लहान कॅनॉपीच्या दोऱ्या आखूड असतात, त्यामुळे ती झटकन वळते आणि चूकही तितक्याच झटकन मोठी करते.

स्टिलेटो ही फ्लोरिडातल्या डीलँड गावच्या परफॉर्मन्स डिझाइन्स कंपनीची. नऊ कप्पे, टोकांकडे निमुळता होत जाणारा लंबगोल आकार, हवा आरपार न जाऊ देणारं 'झीरो पोरॉसिटी' नायलॉन. स्टिलेटो म्हणजे बारीक खंजीर. याच कंपनीच्या 'सेबर' आणि 'कटाना' या कॅनॉप्यांची नावंही तलवारींचीच आहेत, यावरून या बाजारात काय विकलं जातं याचा अंदाज यावा.

स्टिलेटोचे चाहते तिचे गुण ठरलेल्या शब्दांत सांगतात. टॉगल हलके. हार्नेसमध्ये नुसतं एका कुशीवर झुकलं तरी वळते. लांबवर तरंगते. आणि सूर मारला की आपणहून लवकर सरळ होते. हे सगळे गुण खरे आहेत. मग ती कालबाह्य कशी ठरली?

उत्तर स्पर्धेत आहे. जमिनीजवळ येताना मोठं वळण घेऊन वेग कमवायचा आणि मग पाण्याच्या किंवा गवताच्या पृष्ठभागालगत घसरत जायचं, याला 'स्वूपिंग' म्हणतात. त्याच्या स्पर्धा होतात. अंतर, वेग आणि अचूकता मोजली जाते. या मोजमापात पुढे जायचं तर कॅनॉपी सुरात जास्त वेळ टिकायला हवी आणि पंख ताठ, सपाट राहायला हवा. म्हणून कप्प्यांत तिरके पडदे घालून 'क्रॉस-ब्रेस' केलेल्या कॅनॉप्या आल्या. त्यांच्यापुढे स्टिलेटो मागे पडली. पण बहुसंख्य लोक या स्पर्धेत कधीच उतरत नाहीत. शनिवार-रविवार विमानतळावर येतात, मित्रांबरोबर उड्या मारतात, संध्याकाळी कापडाची घडी घालून घरी जातात. 'कालबाह्य' हा निकाल एका परीक्षेचा आहे आणि या लोकांनी त्या परीक्षेचा फॉर्मच भरलेला नाही. टॉगलचा हलकेपणा सेंटिमीटरमध्ये मोजता येत नाही, म्हणून तो स्पर्धेच्या तक्त्यात येत नाही. हाताला मात्र तो प्रत्येक उडीत कळतो. जुन्या डिझाइनच्या भक्तांची इथपर्यंतची बाजू मला पूर्ण पटते. आमच्याकडे १९९१ पासून चालत आलेला विम एडिटर आजही लोक प्रेमाने वापरतात, तेही असंच. नव्याने जे मोजून सुधारलं, ते यांना हवंच नव्हतं.

फरक एवढाच की विममध्ये चूक झाली तर एक कळ दाबून ती पुसता येते.

आता तोच आवडता गुण पुन्हा पाहू: 'सुरातून लवकर सरळ होते.' ऐकताना हे सुरक्षित वाटतं. कॅनॉपीच सांभाळून घेते म्हणे. पण स्वूपसाठी वेग हवा असेल आणि कॅनॉपी लवकर सरळ होत असेल, तर वळण कुठे सुरू करावं लागेल? जमिनीच्या जवळ. उंचावर सुरू केलं तर कमावलेला वेग खाली पोचेपर्यंत संपलेला असतो. म्हणजे जो गुण कॅनॉपीला क्षमाशील बनवतो, तोच माणसाला जमिनीलगत वळायला लावतो, आणि तिथे अंदाज थोडा चुकला तर क्षमेला जागाच उरत नाही. याउलट जास्त वेळ सुरात राहणाऱ्या नव्या कॅनॉप्यांचं वळण उंचावर सुरू करावं लागतं. त्या दिसायला उग्र, पण 'हे जमत नाहीये' असं लक्षात येऊन वळण सोडून द्यायला तिथे थोडा जास्त वेळ असतो. अर्थात याचा अर्थ नव्या कॅनॉप्या सौम्य आहेत असा नाही. मुद्दा असा की, 'क्षमाशील' हे विशेषण कॅनॉपीचं एकटीचं नसतं. ते कॅनॉपी, उंची आणि हात या तिघांचं मिळून असतं.

उघडण्याचंही तसंच. लंबगोल कॅनॉपी उघडताना सरळ न राहता एका बाजूला वळू शकते. दोऱ्यांना पीळ पडला तर संथ, चौकोनी कॅनॉपी बहुधा शांत राहते आणि माणूस पाय मारून पीळ सोडवतो. जास्त भाराची लंबगोल कॅनॉपी मात्र गरगर फिरू लागते. मग ती तोडून रिझर्व्ह उघडण्यावाचून फारसा पर्याय राहत नाही. हजारभर उड्या झालेल्या माणसासाठी हा एक किस्सा असतो. शंभर उड्या झालेल्यासाठी तो किस्सा होईलच असं नाही.

आणि डिझाइन जुनं असणं वेगळं, वस्तू जुनी असणं वेगळं. डिझाइनला वय नसतं. कापडाला आणि दोऱ्यांना असतं. स्पेक्ट्राच्या दोऱ्या घर्षणाच्या उष्णतेने आकसतात, आणि सगळ्या सारख्या आकसत नाहीत. काही इंचांच्या फरकाने पंखाची ठेवण बदलते, उघडणं बिघडतं. म्हणजे आज हातात पडणारी वापरलेली स्टिलेटो ही आठवणीतली स्टिलेटो असेलच, याची खात्री दोऱ्या मोजल्याशिवाय देता येत नाही. भक्त ज्या कॅनॉपीचं वर्णन करतात ती नव्या दोऱ्यांची असते. विकली जाते ती बऱ्याचदा जुन्या दोऱ्यांची.

इथे खरी गोम आहे. एकेकाळची वेगवान कॅनॉपी जुनी झाली की स्वस्त होते, आणि स्वस्त वस्तू अनुभवी माणसाकडून नवख्याकडे जाते. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेचा पहिला, 'ए' परवाना २५ उड्यांवर मिळतो. वरचा 'डी' ५०० वर. २५ आणि ५०० यांच्या मध्ये कुठेतरी उभ्या असलेल्या, पगारातून पैसे बाजूला काढून पहिलं सामान घेणाऱ्या पोराला 'जुनी' हा शब्द 'सौम्य' असा ऐकू येतो. कारण बाकी आयुष्यात तसंच असतं: जुना फोन मंद, जुनी गाडी मंद. पण खंजीर जुना झाला म्हणून बोथट होत नाही. जमीन जितक्या वेगाने १९९५ मध्ये वर येत होती, तितक्याच वेगाने आजही येते.

या काळाचीही एक गंमत आहे. १९९१ मध्ये 'सायप्रेस' नावाचं उपकरण बाजारात आलं. माणूस कमी उंचीवर अजून वेगात कोसळत असेल तर ते आपणहून रिझर्व्ह उघडतं. कॅनॉपी उघडलीच नाही म्हणून होणारे मृत्यू त्याने घटवले. त्याच सुमारास लहान, वेगवान कॅनॉप्या पसरल्या, आणि पूर्ण उघडलेल्या, धडधाकट कॅनॉपीखाली उतरताना होणारे मृत्यू हा खेळाचा मोठा प्रश्न बनला. मुख्य कॅनॉपी तोडण्याची तीन कड्यांची यंत्रणा शोधणारे बिल बूथ यांचं या खेळात एक निरीक्षण प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा: साधनं जितकी सुरक्षित होतात, तितके लोक जास्त धोका पत्करतात आणि हिशेब होता तिथेच राहतो. स्टिलेटो याच वळणावरची आहे. तिच्या आठवणी सांगणारे लोक त्या वळणावरून सुखरूप बाहेर पडलेले आहेत. जे पडले नाहीत, ते 'काय मजा होती' असं सांगायला येत नाहीत. म्हणून या स्तुतीतलं प्रत्येक वाक्य खरं असूनही तिची गोळाबेरीज चुकते.

मग स्तुती करूच नये का? करावी. हाताला भावलेली वस्तू फक्त नवीन आली म्हणून टाकून द्यायची, हाही एक प्रकारचा अडाणीपणाच. पण स्तुती पूर्ण करावी. 'भन्नाट कॅनॉपी आहे' याच्या पुढे सांगावं की ती हातात आली तेव्हा माझ्या किती उड्या झाल्या होत्या, त्याआधी मी कोणत्या आकारावर होतो, दर चौरस फुटाला किती भार होता, दोऱ्या कधी बदलल्या, आणि वळण घ्यायला कुणी शिकवलं. ही माहिती रुक्ष वाटेल. आठवणीची नशा त्याने थोडी उतरेल. पण आमच्या धंद्यात ज्या जुन्या कोडचं कौतुक होतं त्याच्यासोबत तो कसा चालवायचा ही टीप नसेल, तर पुढचा माणूस फार तर रात्रभर जागतो. इथे पुढचा माणूस त्याच कापडाखाली जमिनीकडे येत असतो, आणि आपण काय सांगायचं राहिलो हे त्याला विचारायला वेळ नसतो.